जेट्टीसमोरची पाणकणसं

पक्षाघातानंतर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घराबाहेर नेण्यासारखी एकच जागा उरली होती, ती म्हणजे आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीमागचं तळं. तिथली वाट सपाट आहे, रॅम्प आहे, आणि चाकाची खुर्ची थेट लाकडी जेट्टीवर जाते. दर रविवारी मी त्यांना तिथे न्यायची. समोरच्या पाणकणसांच्या उंच गवतात एका जांभळ्या पाणकोंबडीने घरटं केलं होतं. उभ्या माणसाला ते दिसायचं. अण्णांना खुर्चीतून फक्त पाती दिसत.

"आवाज येतो," ते म्हणायचे. "पिल्लं असणार."

मला अडचण दिसली की मी अर्ज करते. तळ्याच्या समितीला लिहिलं, खुर्चीवरून पाणी दिसत नाही, जेट्टीसमोरची झाडी कमी करा. घरट्याचा उल्लेख केला नाही. सुचलाच नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर पाणकणसं बुंध्यापर्यंत कापलेली. काठावर ढीग होता. त्यात विणलेली पाती आणि अंड्याची दोन टरफलं होती. पाणकोंबडी उघड्या चिखलात इकडून तिकडे फिरत होती.

कानडी वॉचमन खुशीत होता. "अक्का, तुमचं काम झालं! आता आजोबांना स्वल्पही अडथळा नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काम?"

"हो."

त्यांनी नजर त्या पाणकोंबडीकडे वळवली. मग म्हणाले, "आता दिसतंय सगळं. घरी चल."

त्यानंतरच्या रविवारी मी खुर्ची दाराकडे वळवली, तेव्हा त्यांनी चालत्या हाताने ब्रेक लावला.