कचेरी उघडी आहे

कचेरी खांद्याला लटकवून फिरणारा राजकारणी मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. ऐंशीच्या दशकात कोकणातून मास्तरकी करायला मी सिल्वासाला आलो, तेव्हा त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या मला मिळाल्या. खोल्या दाखवताना ते म्हणाले, "सर, पाणी सकाळी येते, वीज संध्याकाळी जाते. बाकी मी आहे ने!" हे 'मी आहे ने' ते तोवर कित्येक वर्षं अख्ख्या मुलखाला सांगत आले होते. पंचायतीची निवडणूक म्हणजे काकांची निवड, असं गावानं धरूनच ठेवलं होतं. सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांच्या वयाचा सिल्वासातला जो तो पोर्तुगिजांना आपणच हाकललं असं छातीठोकपणे सांगे. काका मात्र म्हणत, "पोर्तुगीज गेले तेव्हा मी दुधनीला मासे पकडत होतो. चार दिवसांनी कळलं." राजकारणात राहून हा माणूस इतकं खरं बोलतो, तरी निवडून येतो, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटे. पुढे छत्री पाहिली आणि नवल संपलं.

ही छत्री म्हणजेच त्यांची कचेरी. लाकडी मुठीची, उन्हानं काळ्याची तपकिरी झालेली, एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. बाराही महिने ती त्यांच्या खांद्याला असायची. रस्त्यात कोणी "काका, जरा काम होतं" म्हटलं की ते जागच्या जागी थांबत, छत्री उघडत आणि समोरच्याच्या डोक्यावर धरत. स्वतः निम्मे उन्हात. त्यामुळे त्यांच्या टकलाची उजवी बाजू डावीपेक्षा दोन छटा काळी होती. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "उन्हात उभा माणूस घाईत बोलतो सर. घाईत सांगितलेली तक्रार अर्धीच असते." तक्रार सांगून झाली की ते विचारत, "आणखी?" माणूस आणखी काहीतरी सांगे. ते पुन्हा विचारत, "आणखी?" त्यांचा सिद्धान्त असा, की खरी तक्रार दुसऱ्या 'आणखी'नंतर बाहेर पडते. पहिल्यांदा रेशनकार्डाबद्दल बोलणारा दुसऱ्या 'आणखी'ला मुलगा दारू पितो म्हणून रडू लागे. "आता काय नाय" असं तो म्हणेपर्यंत छत्री मिटायची नाही. छत्री मिटली म्हणजे तक्रारीची नोंद झाली, असं खानवेलपासून रांध्यापर्यंत पोराटोरांना ठाऊक होतं. कागद नाही, शिपाई नाही, वेळापत्रक नाही. उघडी छत्री म्हणजे कचेरी चालू, मिटलेली म्हणजे बंद.

या कचेरीला स्थळकाळाचं भान नसे. खानवेलच्या बसमध्ये त्यांनी छत्री उघडली तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंबाड्यात काडी अडकली, आणि कंडक्टरसह निम्मी बस ती सोडवण्यात गुंतली. काका तेवढ्यातही "आणखी?" विचारतच होते. एका साहेबानं त्यांना तासभर ताटकळत ठेवून "आज ऐकायला वेळ नाही" म्हटलं, तर यांनी साहेबाच्या टेबलासमोरच छत्री उघडली, सोबत आणलेल्या माणसाच्या डोक्यावर धरली आणि शांतपणे म्हणाले, "इथली कचेरी बंद दिसते, म्हणून माझी उघडली." साहेबाला हसू आलं आणि काम झालं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ते प्रमुख पाहुणे होते. सूत्रसंचालन माझ्याकडे. भाषण ऐन रंगात आलेलं, आणि एक बाई हातपंपाची तक्रार घेऊन थेट स्टेजच्या पायरीशी आली. पाहुण्यांनी भाषण सोडलं, छत्री उघडली. पाऊण तास आम्ही सगळे, मोराच्या पोशाखातल्या सहा मुलींसकट, हातपंपाची हकिगत ऐकत बसलो. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. पण आठवड्याच्या आत पंप सुरू झाला. काकी एकदा स्वयंपाकघरातून कडाडल्या, "गावाच्या तक्रारी ऐकता, माझ्यासाठी उघडा ने एकदा ती छत्री!" काकांनी खरंच उघडली, तिथेच, चुलीसमोर. दोन 'आणखी' झाले. बाहेर आले तेव्हा घाम पुसत मला म्हणाले, "सर, विरोधी पक्ष बरा."

आता असा माणूस अपक्ष म्हणून उभा राहिला तर चिन्ह कोणतं मागणार? छत्रीच. लागोपाठ तीन निवडणुका ते छत्रीवर लढले आणि जिंकले. डोंगरातल्या पाड्यांवरच्या बायाबापड्यांना अक्षरओळख नव्हती, पण छत्री ओळखायला शाळा कशाला हवी? छत्री दिसली की शिक्का मारायचा, एवढं राजकारण त्यांना पाठ होतं. चौथ्या निवडणुकीला मात्र ग्रह फिरले. तोवर सिल्वासाभोवती कारखान्यांची रांग लागली होती, नवी माणसं आली होती, आणि नवा पैसाही. एका ठेकेदारानं अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि त्यानंही चिन्ह मागितलं छत्री! दोघांचं मागणं एकच, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. छत्री ठेकेदाराला गेली. काकांच्या वाट्याला आली शिडी.

त्या संध्याकाळी ओट्यावर कार्यकर्त्यांची सुतकी बैठक बसली. सगळ्यांचं एकमत झालं, की मतदानापर्यंत काकांच्या अंगाखांद्यावर छत्री दिसता कामा नये. लोकांनी छत्री पाहिली की ते छत्रीवरच शिक्का मारणार, आणि मत जाणार ठेकेदाराला. काका उठले, छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमच्या कपाटामागे ठेवा, सर." मूल पाळणाघरात सोडताना बाप जसा मागे वळून बघत नाही, तसे ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून दोन गडी खांद्यावर बांबूची शिडी घेऊन त्यांच्यापुढे चालू लागले. नवव्या दिवशी भर दुपारी काका माझ्या दारात उभे. "सर, माझी छत्री द्या."

"काका, वेड लागलंय का? आता थोडेच दिवस उरलेत!"

"नऊ दिवस झाले. एक माणूस माझ्याशी बोलला नाय. शिडी बघून विचारतात, कोणाचं घर शाकारायचं आहे?" मग ते उंबऱ्यावरच बसले. "आज दुधनीला ती म्हातारी भेटली. धरणात जमीन गेली तिची. बदली प्लॉट मिळाला, पण कागद नाय. दोन वर्षं मी तिचा कागद फिरवतो आहे. समोर येऊन उभी राहिली, माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाली, 'काका, कचेरी बंद आहे ना तुझी? उघडशील तवा येईन.' आणि गेली, सर! उन्हातून, अनवाणी."

"पण ही छत्री घेऊन फिरलात तर पडाल तुम्ही."

"पडेन. पण कोणी बोलणारच नसेल तर निवडून येऊन करू काय?"

मी कपाटामागून छत्री काढून दिली. त्याच पावली ते दुधनीची बस पकडायला निघाले.

मतदानाला मला ड्यूटी लागली ती नेमकी दुधनीच्या बूथवर. मतपत्रिका देण्याचं काम माझ्याकडे. दुपारी ती म्हातारी आली. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका हातात घेतली, आणि त्यातल्या छत्रीवर बोट ठेवून मला म्हणाली, "ही सतरी आपले काकाचीच ना, मास्तर?" काकांचा पोलिंग एजंट मागे बसून नुसता खोकत होता. त्याला तोंड उघडायची बंदी, आणि मला तर त्याहून जास्त. मी म्हणालो, "आजी, मला काही सांगता येत नाही." ती हसली. "नको सांगू. माला ठाव आहे." आणि लुगडं सावरत, लग्नाला निघाल्यासारखी, आडोशामागे गेली.

काका पडले. दुधनीच्या पेटीत शिडीला औषधापुरती मतं होती. ओट्यावर सगळे माना खाली घालून बसले होते, आणि काका मात्र आम्हालाच चहा पाजत होते. "लोकांनी मतं मलाच दिली," ते म्हणाले. "पोचली दुसरीकडे. पोस्टात नाय होत असं कधी?"

त्यानंतर ते पुन्हा उभे राहिले नाहीत, पण कचेरी एक दिवस बंद राहिली नाही. पद नव्हतं, तर लोक आणखीच मोकळेपणानं बोलायला लागले. दोन वर्षांनी म्हातारीचा कागद आला, तोही त्यांच्याच खेपांनी. मला मात्र तो प्रसंग जाळत राहिला. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहिलो, पण बूथवरची गोष्ट त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

पुढे मी निवृत्त झालो. गावी परतायचं ठरलं. जानेवारीतली सकाळ होती. वापीच्या बसपर्यंत पोचवायला काका आले. आता ते काठीसारखी छत्री टेकत चालायचे. सामान वर चढवून झालं, आणि ते एकदम थांबले. त्यांनी छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली.

"बोला, सर."

"माझी कसली तक्रार, काका?"

"एवढी वर्षं भाडेकरू होता, एकदा पण नाय बोलला. नळ गळतो ते पण मला काकीनं सांगितलं. बोला ने."

आणि मी बोललो. बूथ, म्हातारी, मतपत्रिकेवरचं बोट, माझं गप्प राहणं. त्यांनी नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती दुसऱ्याच दिवशी आली होती माझ्याकडे. एवढी खूश! 'काका, तुझ्याच सतरीवर मारला.' मी म्हटलं, बरं केलं मावशी. तिला मी अजून सांगितलं नाय, सर. तुम्ही पण नका सांगू."

कंडक्टरनं घंटा दिली. मी पायरीवर पाय ठेवला. मागून आवाज आला, "आणखी?"

मी म्हटलं, "वेळेवर औषधं घेत जा. काकींना जपा."

"आणखी?"

दुसऱ्या 'आणखी'चं काय होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं. "मला इथून जायचं नाहीये, काका," मी म्हणालो.

ही तक्रार त्यांच्या हातून सुटण्यासारखी नव्हती. बस निघाली. मी खिडकीतून मागे पाहिलं. ते उन्हात उभे होते, आणि मी जिथे उभा होतो त्या रिकाम्या जागेवर त्यांनी छत्री तशीच धरली होती. बस वळेपर्यंत ती मिटली नाही.