झिपरीची धार

हसायचं नाही, एवढी एकच अट. आणि चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण विषय लघवीचा आहे.

आमची झिपरी गच्चीवरून पडली. मांजर असून पडली, म्हणजे घराला शोभेलशीच. जीव वाचला, पण मागचे दोन्ही पाय लुळे झाले आणि लघवी करायची ताकदही गेली. आमच्या पिंप्राळ्याजवळचे डॉक्टर गायीम्हशींच्या कामाला पक्के. मांजरासाठी त्यांनी धुळ्याला धाडलं.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "ताई, हिची लघवीची पिशवी आता दिवसातून तीनदा तुम्हालाच हाताने दाबून रिकामी करावी लागेल. तुंबून राहिली तर विष अंगात भिनतं. दोन-तीन दिवसांत मांजर जाईल."

मी? अहो, कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते! नवऱ्याकडे बघावं, तर तो इंजेक्शनची सुई पाहूनच बाकावर आडवा झालेला.

डॉक्टरांनी माझा हात धरून शिकवलं. "पोटात मागच्या बाजूला लिंबाएवढा फुगा लागेल. दोन्हीकडून हळूच, सारखा दाब द्यायचा. धार सुटली पाहिजे." त्यांनी दाबलं, धार सुटली. मी मान डोलावली. समजो न समजो, मान डोलावण्यात मी लहानपणापासून हुशार.

संध्याकाळी घरी फरशीवर टॉवेल अंथरला. त्यावर झिपरी. तिच्याशेजारी मांडी ठोकून आमचे चिरंजीव अंशू, वय वर्षे सव्वा. आईच्या हातात मांजर आणि आपण लांब, हे त्याला कसं चालणार? उन्हाळ्याचे दिवस, म्हणून अंगावर फक्त झबलं. खाली मोकळा कारभार.

मी झिपरीचं पोट चाचपलं. लिंबू कुठे? सगळंच लिंबू लागत होतं! शेवटी एक काहीतरी हाताला आलं, ते धरलं, आणि भीतीने डोळे गच्च मिटले. आणि तोंडातून आपोआप निघालं, "सूऽऽऽऽ…"

आता तुम्हीच सांगा, 'सू' म्हटल्याशिवाय आपल्याकडे कुठलं लेकरू मुतलंय का? सव्वा वर्ष हाच मंत्र जपतेय मी!

डोळे उघडले. टॉवेल ओला!

डॉक्टरांना फोन लावला. "सर, झाली! धार सुटली!"

"वा ताई! लोकांना आठ-आठ दिवस लागतात हो."

झालं. मी हवेत. सकाळी पुन्हा सू, पुन्हा टॉवेल ओला. दुपारी, संध्याकाळी, तेच. मांजरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी बिचारी रडत होती की तिच्या बोक्याला हे जमत नाही. मी तिला काय लिहावं? "घाबरू नका. डोळे मिटा, मन शांत करा आणि सू म्हणा." त्याला सतरा जणींनी हात जोडले. सतरा!

तिसऱ्या दिवशी सकाळी झिपरीने दुधाला तोंड लावलं नाही. मग उलटी केली. मग नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात सासूबाई पाचोऱ्याहून, नणंदेकडून परतल्या. आल्या आल्या त्यांनी धुवायला टाकलेला टॉवेल उचलला आणि नाकाला लावला.

"हाऊ कोना मूतना टॉवेल शे वं?"

"झिपरीचा, आई."

"हट! मांजरना वास असा ऱ्हास का? हाई ते आपला अंशूनं शे!"

दीड दिवस मी झिपरीचं पोट दाबत होते आणि लघवी माझा मुलगा करत होता! 'सू' म्हटलं की तो इमानेइतबारे कामाला लागत होता, आणि शाबासकी मी घेत होते. आधी ग्रुपवर लिहिलं, "माझं ऐकू नका! डॉक्टरांकडे जा!" मग जवळच्या डॉक्टरांना फोन केला. ते कुठल्या खेड्यात विताना अडलेली म्हैस सोडवायला गेलेले.

मग धुळ्याची एसटी. मांडीवर झिपरी, शेजारी सासूबाईंच्या मांडीवर अंशू. दोन तास मी तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत होते. पारोळा गेलं तेव्हा तिने डोळे मिटले. मी तिला हलवलं, तिने पुन्हा उघडले. जिला आपल्या पोराची आणि मांजराची लघवी वेगळी ओळखता येत नाही, अशा बाईच्या भरवशावर दोन-दोन जीव ठेवावेत कुणी? खिडकीकडे तोंड करून रडले.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, पिशवी मोसंबीएवढी झालीय! थेंब थेंब गळत होती म्हणून वाचली. मग चार वेळा तुम्ही दाबत काय होतात?"

"जे… हाताला येईल ते."

त्यांनी दाबलं. धार अशी सुटली की थांबेना. थोड्या वेळाने झिपरीने मान उचलली आणि मला एक बोचकारा काढला. इतका गोड बोचकारा आयुष्यात खाल्ला नाही.

"पुन्हा शिकवतो," डॉक्टर म्हणाले. तोच सासूबाईंनी बांगड्या मागे सारल्या.

"डागदर, माले दखाडा. धारच काढानी शे ना? मनी जिनगी गयी म्हशीस्न्या धारा काढामा."

पहिल्या दाबात धार! डोळे उघडे, 'सू' नाही, काही नाही.

डॉक्टर खूश. माझी उतरलेली मान पाहून त्यांना दया आली असावी. "असू द्या ताई, प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं. तुम्ही काय करता?"

"अंशूच्या आधी शाळेत शिकवायचे."

"काय शिकवायचात?"

"मराठी," मी पटकन म्हटलं.

सासूबाईंना खोटं अजिबात खपत नाही.

"मराठी कोठलं, डागदर! हाई ते पोरेस्ले शरीरशास्त्र शिकाडे!"