लिफ्टमधल्या पाटीवरचा नंबर

अठ्ठावीस ऑगस्ट. कर्ज नऊ हजारांचे, हातात पडले सात हजार सहाशे पन्नास. मधले तेराशे पन्नास कंपनीने शुल्क म्हणून आधीच कापून घेतले होते. पंधरा दिवसांनी पूर्ण नऊ हजार फेडायचे. ते जमले नाही तर पुन्हा तेराशे पन्नास भरून आणखी पंधरा दिवसांची मुदत घ्यायची, असा व्यवहार होता. मुदत वाढवल्याने मुद्दल एका पैशानेही कमी होत नाही, हे लिफ्टदादाला तिसऱ्या वेळी पैसे भरताना उमगले. तोवर वरात बरीच पुढे गेली होती.

लिफ्टदादा हे नाव त्याला इमारतींनी दिलेले. एका दुरुस्ती कंपनीत तो बावीस वर्षे मेकॅनिक होता आणि शहराच्या या भागातल्या तीसेक लिफ्ट त्याच्याकडे होत्या. कर्ज काढले ते स्कूटरसाठी. तिचे इंजिन भर रस्त्यात जाम झाले आणि स्कूटरशिवाय त्याचे काम म्हणजे हातपाय बांधून पोहणे. पगार दहा तारखेला होई, त्याला अजून बरेच दिवस होते. मोबाइलवर चार बटणे दाबली की पाच मिनिटांत पैसे येतात, असे गॅरेजवाल्यानेच सांगितले. फोनमधले सगळे नंबर बघू द्याल का, असे त्यात मध्येच विचारले होते. दादाने घाईत ‘होय’ दाबले.

चार वेळा त्याने मुदत वाढवून घेतली. पाचव्या वेळी पगार घरभाड्यात आणि उधारीत विरघळला आणि तारीख चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले.

दुसरा कोणी असता तर अनोळखी नंबर उचललाच नसता. दादाला ती सोय नव्हती. त्या तीसही लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक पाटी चिकटवलेली होती आणि तिच्यावर ‘अडकल्यास येथे फोन करा’ या शब्दांखाली दादाचा स्वतःचा नंबर होता. या ड्यूटीचा त्याला दरमहा वेगळा भत्ता मिळे. अडकलेला माणूस फोन करणार तो स्वतःच्या फोनवरून, म्हणजे अनोळखी नंबरावरूनच. त्यामुळे फोन वाजला की उचलायचा आणि पहिल्या श्वासाला सांगायचे, ‘घाबरू नका, दाराला हात लावू नका, हवा भरपूर आहे, मी निघालोय.’ वसुलीवाले रोज नव्या नंबरावरून फोन करत. पहिल्या दिवशी त्याने दोनदा वसुलीवाल्यालाच घाबरू नका म्हणून सांगितले. पलीकडचा म्हणाला, घाबरायचं तुम्ही, साहेब.

पलीकडे दोघे होते. आधी एक गोड आवाजाची बाई बोले. ‘जरा ऐकता का’ म्हणून सुरुवात करी आणि तब्येतीचीही चौकशी करी. तिच्याने झाले नाही की तासाभराने एक जाड आवाजाचा बाप्या येई. तो साहेबावरून दोन वाक्यांत ‘तू’वर उतरे. दादा शिडीवर असो, लिफ्टच्या खड्ड्यात असो, तोंडात घास असो, खिशात फोन थरथरला की उचलावाच लागे. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत. कधीकधी फोन वाजलेलाच नसे आणि मांडी मात्र थरथरे. तो खिशातून फोन काढून बघे, परत ठेवी, परत काढी.

आठवडाभरात त्यांनी त्याच्या फोनमधल्या नंबरांना हात घातला. आता, मेकॅनिकच्या फोनमध्ये माणसे कमी आणि लिफ्ट जास्त. नव्या लिफ्टच्या पेटीत सिमकार्ड असते. बाहेरून फोन केला की लिफ्ट तो आपोआप उचलते आणि आतल्या स्पीकरवर आवाज येतो. महिन्यातून एकदा तपासणी करायला सोपे जावे म्हणून दादाने हे नंबर आपल्या पद्धतीने नावे देऊन ठेवले होते. पिवळ्या इमारतीत दोन लिफ्ट, म्हणून एक ‘पिवळी मोठी’ आणि एक ‘पिवळी छोटी’.

सकाळी नऊच्या सुमारास पिवळ्या इमारतीची मोठी लिफ्ट भरून खाली येत होती. तेवढ्यात छतातून जाड आवाज आला. पिवळी मोठी बोलताय का? लिफ्टमधले पाच जण एकमेकांकडे बघू लागले. आवाज म्हणाला की तुमच्या ओळखीच्या या माणसाने कर्ज घेऊन तोंड लपवलंय, त्याला निरोप द्या. मग त्याने दादाचे पूर्ण नाव घेतले आणि रक्कमही सांगितली. तळमजला येईपर्यंत सगळे मुकाट्याने ऐकत उभे होते, कारण लिफ्टमधून मध्येच उठून जाता येत नाही.

इमारतीचे सेक्रेटरी विनोदी गृहस्थ. त्यांनी दादाला फोन करून सांगितले की मोठीला कळलंय, आता छोटीला कळायच्या आत काहीतरी करा, बहिणी बहिणी आहेत, पोटात ठेवणार नाहीत. दादा हसला. बावीस वर्षांत या माणसांनी त्याला चहा दिला होता, घराच्या किल्ल्या सोपवल्या होत्या. आता लिफ्टमध्ये शिरताना कोणी नमस्कार केला तरी त्याला वाटे, याने ऐकलेले आहे.

संध्याकाळी बायको औषधांच्या गोदामातून पॅकिंगचे काम आटोपून आली. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि त्याच्यासमोर बसली.

“दादाचा फोन आला होता. माझ्या दादाचा,” ती म्हणाली. “त्याला कुणीतरी विचारलं, तुमचे दाजी कुठं पळालेत.”

तो तिचा रिकामा पेला उचलून आत ठेवून आला.

“माझ्या भावाला कळलं, पिवळ्या इमारतीला कळलं, लिफ्टला कळलं. मी तेवढी राहिले होते.”

“सांगणार होतो.”

“कधी? मी लिफ्टमध्ये बसल्यावर?”

मग तिने सगळे काढून घेतले. आकडा ऐकून ती रडली नाही, ओरडली नाही. बोटांवर हिशेब करून एवढेच म्हणाली की चार वेळचे मिळून पाच हजार चारशे गेले आणि नऊ हजार आहेत तिथंच आहेत, मग आपण भरलं काय, देवाचं भाडं? भावाकडे मागू का, असे तिने विचारले. दादा नको म्हणाला. मेहुण्यापुढे हात पसरण्यापेक्षा आणखी एक महिना कळ काढू, भत्ता आला की भागेल. सगळी मदार त्या भत्त्यावर होती. ती ड्यूटी हातात आहे तोवर निदान दोर तुटलेला नाही, असे तो स्वतःला समजावत होता.

नंतरच्या मंगळवारी दुपारी तो एका दवाखान्याच्या लिफ्टचे दार बसवत होता. जाड आवाजाचा फोन आला. दादाने कापला. दुसऱ्या नंबरावरून आला, तोही कापला. तिसरा घेतला, तेव्हा तो म्हणाला की लेकीच्या सासरचा नंबर सापडलाय, आता तिकडं लावतो. लेकीचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. दादाच्या हातातला पाना खाली पडला. फोन बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. पुन्हा नवा नंबर.

“हॅलो,” गोड, बारीक आवाज आला. “जरा ऐकता का...”

“एक दमडी मिळणार नाही,” दादा म्हणाला. “काय करायचं ते कर. आणि परत या फोनवर आवाज काढलास तर बघ.”

तोच नंबर आणखी दोनदा आला. त्याने दोन्ही वेळा कापला आणि फोन अवजारांच्या पेटीत, चिंध्यांखाली कोंबला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्याने निवांत काम केले. दार छान बसले.

पेटी आवरताना फोन हातात घेतला तर त्याच्याकडच्या एका जुन्या इमारतीच्या वॉचमनचे सहा मिस्ड कॉल. त्याने उलट फोन लावला. वॉचमन म्हणाला, “अहो, गाण्याच्या बाई अडकल्यात चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. त्या म्हणतात, तुम्ही त्यांना दम दिलात.”

जुन्या इमारतीच्या लिफ्टला सिमकार्ड नव्हते, फक्त पाटी होती. दादाने मघाशी कापलेला नंबर वॉचमनला वाचून दाखवला. तो बाईंचाच.

स्कूटर त्याने कशी चालवली ते त्याला आठवत नाही. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच पाडला, ब्रेक सोडला आणि मोठे चाक हाताने फिरवत लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली. खाली धावत येऊन किल्लीने दार उघडले. सहाव्या मजल्यावर गाणे शिकवणाऱ्या वयस्कर बाई कोपऱ्यात पिशवीवर बसल्या होत्या. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या, चेहरा घामाने भिजलेला. त्यांनी त्याचा हात धरला नाही. स्वतःच उठल्या, बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. वॉचमनने पाणी आणले.

“मी पाऊण तास आठवत होते,” त्या म्हणाल्या, “की मी तुमच्याकडे पैसे कधी मागितले.”

या धंद्यात एक तयार उत्तर असते. रेंज नव्हती. समोरचाही ते निमूट ऐकून घेतो. दादाच्या ओठांवर ते आलेही होते. पण बाईंनी शब्द न् शब्द ऐकला होता. तो दोन पायऱ्या खाली बसला आणि त्याने स्कूटरच्या इंजिनापासून सांगायला सुरुवात केली. वॉचमन ऐकतोय याचेही त्याला भान राहिले नाही. बाईंनी मध्ये एकदाच विचारले, त्या बाईचा आवाज इतका माझ्यासारखा आहे का? तो हो म्हणाला. त्यावर त्या तोंड वाकडे करून म्हणाल्या की मग तिने चांगला गळा वाया घालवलाय.

चपला पायात घालत त्या म्हणाल्या, “तुमची अडचण खरी आहे. पण आत बसलेल्याला दुसरा नंबर नसतो. मी कंपनीला कळवणार.”

“कळवा,” दादा म्हणाला. मग सुपरवायझरचा नंबर त्याने स्वतःच त्यांना लिहून दिला आणि त्यांच्याआधी आपणच फोन करून झाले ते सांगितले.

सुपरवायझरच्या कानावर बोलणाऱ्या लिफ्टची गोष्ट आधीच गेली होती. तो ओरडला नाही, ते जास्त लागले. तो म्हणाला, “दादा, त्या वयाच्या बाईंना आत काही झालं असतं तर तू आणि मी दोघंही कुठं असतो, ते सांग. कामावर राहा. फोन मात्र तुझ्याकडं नको.” ड्यूटी दुसऱ्या मेकॅनिककडे गेली आणि तिच्याबरोबर भत्ताही.

पाट्या बदलायचे काम दादाकडेच आले, कारण लिफ्ट त्याच्याच होत्या. पुढचे तीन दिवस तो एकेका लिफ्टमध्ये उभा राहून पात्याने स्वतःचा नंबर खरवडत होता. जुना गोंद सहजासहजी सुटत नव्हता. खिशातला फोन वाजत होता. आता तो उचलायलाच हवा असे नव्हते, तरी प्रत्येक वेळी हात खिशाकडे जाई, अर्ध्यात थांबे आणि पुन्हा पाटीकडे येई. पिवळ्या इमारतीत एक गृहस्थ आत आले, त्यांनी अर्धा खरवडलेला नंबर पाहिला आणि मजला येईपर्यंत छताकडे बघत राहिले.

शेवटची पाटी चिकटवून तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, तुझ्या भावाला विचार. भत्त्याचा आधार गेला होता, तसा मेहुण्यापुढे मिरवायचा ताठाही आता कुठे उरला होता. मेहुणा त्याच संध्याकाळी नऊ हजार घेऊन आला. पैसे टेबलावर ठेवून म्हणाला की दाजी, माझ्या फोनला तुमच्या नावाने शिव्या खायची सवय लागली होती, ती मोडायला एवढे स्वस्तच पडले.

पैसे भरताना बोलली ती बायको. गोड आवाजाच्या बाईने दंडाचे आणखी दोन हजार काढले. बायकोने शांतपणे सांगितले की घेतले सात हजार सहाशे पन्नास आणि हे नऊ हजार धरून फेडले चौदा हजार चारशे. हिशेब बंद झाल्याचे लेखी पाठवा, त्याशिवाय हे नऊ हजार सुटायचे नाहीत. दोन दिवस ओढाताण झाली. तिसऱ्या दिवशी लेखी आले, पैसे गेले आणि फोन थांबले.

मांडी मात्र अजून थरथरते. जेवताना, शिडीवर, कधी नुसते बसले असतानाही. तो फोन काढतो. काही नसते. बायको बघते आणि ताटात आणखी थोडे वाढते. लेकीच्या सासरी शेवटी फोन गेला होता की नाही, हे त्याने विचारलेले नाही आणि लेकीनेही सांगितलेले नाही.

गाण्याच्या बाई परवा त्याच लिफ्टमध्ये भेटल्या. सहावा मजला येईपर्यंत दोघेही दारावरचे आकडे बघत राहिले. उतरताना त्यांनी विचारले, ड्यूटी परत मिळाली का? नाही, तो म्हणाला. बरं, त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतले.

मेहुण्याचे अकराशे अजून द्यायचे आहेत.