आमरीचं झाड आणि शालू

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधले कारकून वामनराव यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, "आमची शालू डॉक्टर होणार." इंटरला मार्क कमी पडले, मेडिकल हुकलं, आणि १९६१ साली शालू बी.एस्सी.ला अमरावतीच्या कॉलेजात आली. राहायला माणिकबाई मावशीचं घर होतं. डॉक्टर नाही तर नाही, पण वर्गात पहिला नंबर आपलाच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

वर्गात पोरी दोनच. दुसरी पंचफुला, मोर्शीजवळच्या खेड्यातली, वसतिगृहात राहणारी. तिचे वडील बुधाजी संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधायचे. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता आणि पोरगी शिकवायचीच, असं ठरवलं होतं.

पहिल्याच महिन्यात झुरळाच्या लाळग्रंथी काढायचं प्रॅक्टिकल झालं. शालूच्या ग्रंथी तीनदा तुटल्या. पंचफुलानं पहिल्याच झटक्याला अख्ख्या बाहेर काढून काचेवर पसरल्या. मोहोड सरांनी सगळा वर्ग तिच्या टेबलाभोवती गोळा केला.

"कोणी शिकवलं?"

"बाबांसोबत कलमाचे डोळे बसवतो सर. चाकू हलका धराची सवय हाय."

शालू हसली, सगळ्यांसारखी. घरी जाऊन मावशीला म्हणाली, "कलमं बांधणाऱ्याची पोरगी! तिले काय, हातचलाखी." त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मग ते रोजचंच झालं. पंचफुलाच्या वहीतली आकृती पाहिली की शालू आपलं पान फाडायची. पंचफुला मात्र तिला शेजारी जागा धरून ठेवायची. ती जागाही शालूला टोचायची.

सप्टेंबरात सहल चिखलदऱ्याला गेली. दरीच्या तोंडाशी पंचफुलाला हिरवट फुलांचं वीतभर झाड सापडलं. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या जातीतलं, पण खोडावर नाही, जमिनीत उगवलेलं. सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "मले नाव सांगता येत नाही. नीट वाळव, पुण्याच्या जाणकारांकडे पाठवू. कोण जाणे, नवीनही असंन."

झाड टीपकागदांत घालून लाकडी फळ्यांमध्ये पट्ट्यानं आवळून प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत ठेवलं. मांसल झाड, त्यामुळे कागद रोज बदलावे लागत, नाहीतर बुरशी चढे. तिसऱ्या दिवशी भावाच्या लग्नाला पंचफुला गावी निघाली.

"शालू, चार दिस कागद बदलशीन ना व?"

"हो. तू जाय बिनधास्त."

पहिल्या दिवशी शालू त्या खोलीत गेली. फळ्यांचा पट्टा हाताशी होता. तिनं तो सोडला नाही. उद्या बघू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी खोलीकडे गेलीच नाही. पुढचे दोन दिवस तिनं वेगळी वाट धरली.

पंचफुला परत आली तेव्हा झाड काळं पडलेलं, वरून पांढरी लव. तिनं सरांना बोलावून आणलं. "माहंच चुकलं, सर," ती म्हणाली. "ओलंच दाबलं मी." शालू बाजूलाच उभी होती. तिनं फळ्यांचा पट्टा गुंडाळून ठेवला.

दोघी पास झाल्या. पंचफुला विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आली. शालू दुसऱ्या वर्गात. पुढे शालू अकोल्यातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. लग्न झालं, मुलगी झाली. पण वर्तमानपत्रात कोणी नवं झाड शोधल्याची बातमी दिसली की ती आधी शोधणाऱ्याचं नाव पाहायची.

१९६८ साली शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून पंचफुला आली. आता ती प्राध्यापक होती. चहा घेताना शालूनं कप खाली ठेवला.

"ते झाड मी सडू दिलं, पंचफुला. हेव्यानं."

"मले तवाच समजलं होतं," पंचफुला म्हणाली. "काढलेले कागद वाळवाले दोरीवर टाका लागतेत. दोरी रिकामी होती."

"मंग बोलली कावून नाही?"

"वर्गात आपण दोघीच पोरी. तुह्याशी भांडून मी बसली असती कोणाजोळ?"

शालूनं विचारलं, "ते झाड पुन्हा भेटलं का?"

"दोन पावसाळे हिंडली तिथं. तिसऱ्यांदा भेटलं. पुण्याले पाठवलं. कागद आला, जुनंच हाय म्हणून, लोकांले आधीपासून ठाऊक." पंचफुला मोठ्यानं हसली.

सात वर्षांचं ओझं एका वाक्यात गेलं. शालूला हलकं वाटलं. आणि लगेच, आपण कधी एकदाही त्या दरीकडे परत गेलो नाही, पंचफुला मात्र तीन पावसाळे गेली, या विचारानं तिचा जुना हेवा पुन्हा उठला.

"आता बी जळून राहिली मी तुह्यावर," ती म्हणाली.

"जळ ना," पंचफुला म्हणाली. "पण सप्टेंबरात माह्या कॉलेजातल्या पोरींची सहल चिखलदऱ्याले जाते, तू बी येजो. एकटीनं चाळीस पोरी सांभाळणं होत नाही माह्याच्यानं."

त्या सप्टेंबरात शालू चिखलदऱ्याला गेली. पुढेही दर वर्षी जात राहिली.