कांचन लाईनवर असायची

कांचन फोन करायची आणि बोलायची नाही. पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मला वाटलं, चुकून लागला असेल. पलीकडे कोंबड्यांचा आवाज, बादली आपटल्याचा आवाज, मग कुणीतरी अंगण झाडतंय. "हॅलो, हॅलो" करून मी कंटाळले आणि फोन ठेवणार तेवढ्यात तिचा आवाज आला.

"ठेवू नको. हाय मी."

"अगं, मग बोल ना."

"बोलायला काय नाय. लाईनवर रहा नुसती."

लॉकडाऊनचे पहिले दिवस होते. मला ते विचित्र वाटलं, पण मी फोन स्पीकरवर टाकला आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसले. बराच वेळ तिच्या घरचे आवाज माझ्या घरात येत राहिले. मग ती म्हणाली, "झालं माझं. ठेवते." एवढंच.

कांचन बोडखे आमच्या संभाजीनगरच्या कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची जी.एस., म्हणजे सचिव होती. गंगापूरजवळच्या एका गावातली, घरी ऊस आणि कापूस. कॉलेजात ती लेडीज होस्टेलला राहायची. खरं तर जी.एस. मला व्हायचं होतं, आणि इम्रानलाही. इम्रान शहरातल्याच शहागंजचा, वडिलांचं कापडाचं दुकान, बोलायला लागला की मैदानातली पोरं खेळ थांबवून ऐकायची. आमचं दोघांचं इतकं वाजलं, की शेवटी प्राध्यापकांनीच मध्यम मार्ग म्हणून कांचनचं नाव पुढे केलं. आम्ही दोघंही लगेच तयार झालो. दोघांनाही वाटलं होतं, ही गप्प पोरगी आपलं ऐकेल.

ती कुणाचंच ऐकायची नाही, हे आम्हाला होस्टेलच्या पाण्यावरून कळलं. मुलींना आठवडाभर अंघोळीला पाणी नव्हतं. आम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. मी बोलले, इम्रान माझ्यापेक्षा जोरात बोलला. सर नेहमीप्रमाणे म्हणाले, बघतो, कळवतो. आम्ही उठलो. कांचन उठली नाही. सरांनी विचारलं, "तुला काही सांगायचंय का?"

"नाय सर. ह्यांनी सांगितलं की सगळं. आता तुम्ही टँकरवाल्याला फोन लावा. आम्ही बसलोय."

आवाजात राग नाही, आर्जव नाही. सरांनी घड्याळ पाहिलं, फाईल उघडली, मिटली, आणि शेवटी फोन लावला. बाहेर आल्यावर इम्रान मला म्हणाला, "अपन दोनों का तो कामच नै था रे इधर." आमच्यात पटलेली ती पहिली गोष्ट.

पहिली लाट आमच्यासाठी तशी भीतीची होती, दुःखाची नव्हती. होस्टेल रिकामं झालं, कांचन गावी गेली, परीक्षा होणार की नाही यावर रोज नवी अफवा यायची आणि पोरं आम्हाला फोन करायची. आम्हाला काय माहीत असणार! पण मंडळातले म्हणून लोक आम्हालाच विचारायचे. दुसऱ्या लाटेत तीच पोरं त्याच नंबरांवर फोन करायला लागली, आणि आता त्यांना परीक्षेचं विचारायचं नव्हतं. कुठं बेड मिळेल का, ऑक्सिजनचं सिलिंडर कुणाकडे आहे का, इंजेक्शन मिळतंय का. इम्रान स्कूटरवर फिरून चौकशी करायचा, मी घरून फोन लावायचे, कांचन गंगापूरकडची बाजू सांभाळायची. कधी जमायचं. बहुतेक वेळा जमेपर्यंत पुन्हा फोन यायचा, की आता नको.

तो "आता नको" ऐकला की मी लगेच पुढचा फोन घ्यायचे. थांबलं की काहीतरी होईल अशी भीती वाटायची. कांचनला ते कळलं. कसं कळलं, ठाऊक नाही. तिनं आम्हा दोघांना एकत्र फोन लावला आणि म्हणाली, "असा फोन झाला की पुढचा घ्यायचा नाय. आधी आपल्यातल्या कुणाला तरी लावायचा. बोलायचं नसलं तर नका बोलू. पण लावायचा."

"और बोलना क्या?" इम्राननं विचारलं.

"मी कुठं काय बोलती, इम्रानभाई?"

मग ते सुरू झालं. इम्रानचा फोन यायचा, तो म्हणायचा, "एक और," आणि आम्ही दोघंही गप्प. त्याच्या मागे रिकाम्या शहागंजातली कुत्री भुंकायची. माझ्या मागे आईचा मिक्सर. कांचनच्या मागे तिची आई वाळवणं घालताना काहीतरी पुटपुटत असायची. त्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा आवाज मला पाठ झाला होता. "कोण हाय गं फोनवर?" "मेधा." "तिला म्हणावं, जेवून घे."

त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी सगळेच आजारी पडलो. बाबांना ॲडमिट करावं लागलं. ते कचेरीत हेडक्लार्क होते. जाताना ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर चढायच्या आधी त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, हे मला आठवतं. मी एका खोलीत, आई दुसऱ्या खोलीत. दुपारी काकांचा फोन आला, बाबा गेले. मी आईच्या बंद दाराशी जाऊन सांगितलं. आतून ती म्हणाली, "गॅसवर दूध आहे बघ." मी जाऊन दूध उतरवलं.

मग मी कांचनला फोन लावला. सांगितलं.

"रडली का?"

"नाही."

"येईना गेलंय?"

"नाही येत."

"मग नको येऊ दे. लई जणांना येत नाय आता. इम्रानभाईंचे मामू गेले तवा त्यांनापण नाय आलं. तुझ्यात काय खराबी नाय." मग म्हणाली, "मी कुरडया घालायलेय. लाईनवर रहा."

त्या दुपारी मी सोऱ्याचा करकर आवाज ऐकत भिंतीला टेकून बसले होते. मला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. भिंत गार होती, एवढं कळत होतं. दाराशी डबा ठेवल्याचा आवाज आला. इम्रान होता. त्याचा मेसेज आला, "नीचे सीढ़ी पे बैठा हूं. कुछ काम नै. खाली बैठा हूं." तो अंधार पडेपर्यंत तिथं बसला होता, असं शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं.

बाबांचे दिवस झाले तोवर कांचनच्या आईला ताप आला. गंगापुरात जागा नव्हती. इम्राननं शहरात बेड मिळवला, कसा मिळवला ते त्यालाच माहीत. कांचन आणि तिचे वडील जीपमधून आईला घेऊन आले. मी अजून घराबाहेर पडत नव्हते, म्हणून मला तेव्हाही त्या बाई दिसल्या नाहीत. आठवडाही झाला नसेल, त्या गेल्या. बाप-लेक तसेच गावी परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कांचनला आणि इम्रानला एकत्र फोन लावला आणि गप्प बसले. तसंच करायचं असतं असं मला वाटलं. पण त्या दिवशी कांचन बोलत सुटली. आमच्या सगळ्या ओळखीत ती एवढं कधीच बोलली नव्हती.

"आईनं लोणच्याला कैऱ्या आणून ठेवल्यात गं. पाटीभर. धुवून, पुसून ठेवल्यात. मला लोणचं येत नाय. मला शिक म्हणायची तर मी म्हणायचे, कॉलेज संपल्यावर शिकते. आता त्या पिकायल्यात. मीठ किती घालायचं? मोहरीची डाळ आधी फेसायची का नंतर? अप्पांना विचारलं तर ते म्हणले, फेकून दे. फेकून कसं देऊ? तिनं एकेक पुसलीय." मग म्हशीचं सांगितलं, आई तिला सुनेसारखी रागवायची ते. पुन्हा कैऱ्यांवर आली. "मीठ किती, मेधा?"

मला कुठं माहीत होतं? मी फोन घेऊन आईकडे गेले. आई तेव्हा फक्त हो-नाही एवढंच बोलायची. बाबांच्या खुर्चीकडे पाठ करून बसायची. मी म्हटलं, "कांचनला लोणच्याचं विचारायचंय." आईनं फोन घेतला. आधी नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाळ, कैऱ्या आंबट आहेत का? चाखून बघ. मी थांबते." आणि मग फोडी केवढ्या करायच्या, हळद-मीठ लावून किती वेळ ठेवायच्या, मेथी तेलात तळायची पण काळी होऊ द्यायची नाही, असं सगळं ती सांगत राहिली. पलीकडून कांचन दर वाक्याला "व्हय काकू" म्हणत होती. माझी आई एवढी बोलतेय हे बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदाच ऐकत होते. इम्रानही लाईनवर होता. मध्येच म्हणाला, "आंटी, तेल गरम करके ठंडा करना ना?" आई म्हणाली, "अर्थात."

पावसाळा लागता लागता कांचननं तिच्या त्याच सपाट आवाजात सांगितलं, "माझं लग्न धरलंय." मुलगा वैजापूरकडचा, वाळूजला कंपनीत. लोक कमी बोलवायची सक्ती होती, खर्च नव्हता, आणि अप्पांना घर सुनं वाटत होतं. लेक सासरी गेल्यावर ते आणखी सुनं होणार, हे त्यांना कोण सांगणार?

मी तावातावानं म्हटलं, "आम्ही येतो. आम्ही बोलतो अप्पांशी."

"बोलायला नका येऊ. पोरगा बरा हाय, मी बोललेय त्याच्याशी."

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायलं तेच कळंना गेलंय, मेधा. वाटंल तवा सांगते." मग म्हणाली, "फक्त शेवटचा पेपर ऱ्हायलाय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मोबाईलवर द्यायचाय. तिथं रेंज नाय म्हणतात. आणि नव्या नवरीला कोण दोन तास मोबाईल घेऊन बसू देतंय?"

तो पेपर बुडाला असता तर तिची पदवी राहिली असती, आणि एकदा राहिलेली पदवी त्या घरात पुन्हा निघाली नसती. ती तसं म्हणाली नाही, आम्हाला कळलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इम्रान इस्त्रीचा शर्ट आणि मंडळाचा कोट घालून माझ्या घराखाली उभा होता. मीही माझा कोट घातला. कोटावर कॉलेजचं चिन्ह होतं, आणि एवढंच आमच्याकडे होतं. स्कूटरवरून गंगापूर मागे टाकून, विचारत विचारत आम्ही तिच्या सासरी पोचलो. अंगणात मांडव अजून तसाच होता. इम्रान सासऱ्यांसमोर उभा राहून त्याच्या मैदानातल्या आवाजात, पण शुद्ध मराठीत म्हणाला, "नमस्कार. आम्ही कॉलेजकडून आलो आहोत. सौ. कांचन यांचा पेपर आहे."

'कॉलेजकडून' हे तसं खोटं नव्हतं.

सासऱ्यांनी पटका सारखा केला. कॉलेज घरी आलं म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. आतल्या खोलीत कांचनसाठी पाट मांडला, रेंज येईना म्हणून मी माझा फोन खिडकीच्या गजांना रुमालानं बांधला आणि त्यावरून तिला नेट दिलं. हिरवा चुडा, हळदीचे हात, डोक्यावरचा पदर सारखा घसरतोय, आणि ती उत्तरं दाबत होती. सासूबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "देवाला जायचं ऱ्हायलंय अजून." बाहेरून सासरे म्हणाले, "थांबतोय देव. कॉलेजची माणसं बसलीत." इम्राननं त्यांना बोलण्यात गुंतवलं होतं. बस्ता शहागंजातच, त्याच्या वडिलांच्या दुकानाशेजारी बांधलेला निघाला. मग कुठलं कापड किती टिकतं यावर दोघांची चांगली चर्चा झाली.

कांचन बाहेर आली. मी विचारलं, "कसा गेला?"

"गेला," ती म्हणाली आणि आम्हाला वाढायला आत वळली.

ती पास झाली. नंतर फोन कमी होत गेले. नवं घर, मग मुलगी, मग घरामागच्या शाळेत शिकवायला लागली असं कळलं. मीही बँकेत लागले. इम्रान दुकान बघतो, निवडणुकीला उभं राहायचं म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात ती पदवीचं प्रमाणपत्र न्यायला संभाजीनगरला आली. आम्ही दोघं तिला सोडायला बसस्टँडवर गेलो. ती थोडी जाड झाली होती. मुलगी तिच्या ओढणीशी खेळत होती. त्या दिवसांबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो, त्या दिवशीही बोलणार नव्हतो. वैजापूरची गाडी उशिरा होती. रस्त्याकडे बघत कांचन सहज म्हणाली, "मला वाटलं हुतं, हे सगळं सरलं की एकदा नीट बसून रडायचं. ते ऱ्हाऊनच गेलं."

मी म्हटलं, "माझंही."

इम्राननं मुलीला कडेवर घेतलं आणि तिला लांबच्या गाड्या दाखवायला लागला.

गाडी लागली तशी गर्दी उठली. कांचननं प्रमाणपत्राची फाईल माझ्या हातात कोंबली, खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरली आणि लोकांना कोपरानं बाजूला सारत चढली. मग खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, "दे आता." मी आधी फाईल दिली. मग इम्राननं मुलगी दिली.