जाऊबाईंचा आवाज गोड कुणी केला?

तुमच्यापैकी कुणी ते फ्रेंच गाणं लावून झोपत असाल, तर आधीच सांगून ठेवते. त्यातली बाई अंगाई म्हणत नाहीये. ती भांडतेय. आणि कुणाशी भांडतेय म्हणाल, तर माझ्याशी.

ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गरीब स्वभावाचे, दोघेही लवकर गेले, आणि मागे आम्ही दोघी राहिलो एकमेकींचं डोकं खायला. शिवाय जाऊबाईंची मुलगी, माझी पुतणी. घर एक, स्वयंपाकघर एक आणि नोकरीही एकाच ठिकाणी. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री होती. जाऊबाई धुलाईच्या मशिनींवर मुख्य, मी घड्या घालायच्या टेबलावर. ते धुलाईचे ड्रम एवढाले की आत माणूस उभा राहील. सगळे एकदम फिरायला लागले की शेजारी उभी असलेली बाई काय बोलते तेही ऐकू यायचं नाही. जाऊबाईंचं मात्र ऐकू यायचं. गेटवरच्या वॉचमनलासुद्धा यायचं. लाँड्रीत त्यांना 'भोंगा' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यांना ते आवडायचं.

बरं, घरी येताना तो आवाज लाँड्रीत ठेवून यावा की नाही? छे! दूध उतू गेलं तरी तोच आवाज, पाहुणे आले तरी तोच. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी जरा उशिरा उठले, तर बाई दारात उभ्या. "उठल्या का महाराणी?" अख्ख्या गल्लीने ऐकलं. तेव्हापासून मी महाराणी. मीही काही मूग गिळून बसणारी नव्हे. त्यांनी एक सुनावलं की मी दोन परत करायची. आमच्या भिंतीला लागून घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. बारीक काम, शांतता लागते. ते पलीकडून भिंतीवर काठी आपटायचे आणि ओरडायचे, "अहो, भांडायचं तर खिडकी लावून भांडा!" त्यावर जाऊबाई, "तुम्ही कान लावून बसू नका!" असा आमचा संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. ते त्यांनी एकदाच लावलं, त्यातून आलेली ती सपाट घरघर ऐकली आणि यंत्र कपाटात टाकलं. ते अजून तिथेच आहे. आता त्या पाटीवर लिहितात. पण पाटीवर भांडता येतं का, सांगा बरं? त्यांचं वाक्य लिहून होईपर्यंत माझा राग निवून जातो. आणि मी तरी कोणत्या तोंडाने उलट बोलू? मुक्या माणसावर ओरडणारी बाई म्हणून लोक मलाच नावं ठेवतील. घर एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. मला ते घर खायला उठायचं.

घड्याळवाले तर इतके गोड झाले की विचारू नका. दारात येऊन कुजबुजतात, "ताई, काही लागलं तर सांगा हं." कालपर्यंत ज्यांना बघून कपाळाला आठी पडायची, त्या आता ताई! जाऊबाईंनी पाटी माझ्याकडे फिरवली. 'ह्याला हाकल.'

एकदा त्यांनी लिहिलं, 'माझा आवाज कुठे आहे का?' पुतणीने सगळे फोन पालथे घातले. वाढदिवस, लग्नं, सहली, सगळीकडे जाऊबाई ओठ मिटून उभ्या. कारण कॅमेरा सुरू झाला की आम्हीच त्यांना म्हणायचो, आता जरा गप्प बसा. भांडण कोण जपून ठेवतं हो? आम्हीही नव्हतं ठेवलं. जाऊबाईंनी पाटी पुसून टाकली.

पुतणी बुटांच्या दुकानात काम करते. मोठं, चकचकीत दुकान, छतातून दिवसभर मंद गाणी चालू. एक दिवस गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवता चढवता तिचा हात थांबला. छतातून आई बोलत होती. गिऱ्हाईक एक बूट घालून ताटकळत बसलं आणि ही धावली मॅनेजरकडे, गाणं कोणतं ते विचारायला.

घरी येऊन तिने ते आम्हाला ऐकवलं. अख्खा अल्बम होता, फ्रेंच. एक मुलगी झोपेत बडबडल्यासारखी गाते, मागे कीबोर्डचं धुकं. आणि पाचव्या गाण्यात ठेका म्हणून काय, तर धप्प-सर्र, धप्प-सर्र. मी म्हटलं, "अगं, हा तर आपला ड्रम!" आणि मग त्याच्यावर जाऊबाई. पण कशा? आवाज ताणून लांब केलेला, धार सगळी तासून काढलेली, वरून घुमवलेला. 'कु... णी... कु... णी...' बस, एवढंच, परत परत.

तेव्हा मला तो मांजरवाला आठवला. बरीच वर्षं झाली, एक फ्रेंच तरुण लाँड्रीत आला होता. हातात काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ माइक, म्हणून आम्ही त्याला मांजरवाला म्हणायचो. मशिनींचा आवाज हवाय म्हणाला, मालकांनी मान हलवली. मशिनीबरोबर त्याने बाईसुद्धा उचलून नेली. विचारलं का कुणाला? नाव नाही!

जाऊबाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता रडतील. कसलं काय, नाकपुड्या फुगल्या. पाटीवर लिहिलं, 'हा माझा नाही.' ते पुसलं आणि लिहिलं, 'माझा आणा.' एवढं दाबून लिहिलं की पेन्सिल मोडली.

मग पुतणीने गाण्याखाली लोकांनी दिलेली मतं वाचून दाखवली. शेकड्यांनी होती. कुठल्या कुठल्या देशांतले रिकामटेकडे कान. एक म्हणतो, 'या बाईचा आवाज म्हणजे ऊबदार दुलई.' दुलई! जन्मभर लोकांच्या दुलया धुतल्या, आता त्याच दुलई झाल्या. दुसरी म्हणते, 'ही नक्की कुठलीतरी जुनी प्रार्थना आहे.' तिसऱ्याचं म्हणणं, 'कुणी म्हणजे त्यांच्या भाषेत चंद्र असावा.' एक आई लिहिते, 'आमचं बाळ याशिवाय झोपतच नाही.' एकाला अल्बम आवडला, पण पाचवं गाणं उगाच लांबवलंय म्हणे. आणि एका शहाण्याने लिहिलं होतं, 'ती काय म्हणते ते कळत नाही, पण कळायची गरजच काय?'

इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज नाही? मला कळत होतं की रोज! त्या आवाजातल्या एकेका शब्दाला मी उत्तर दिलंय. त्यावर मत द्यायचा हक्क या जगात कुणाला असेल तर तो मला आहे. आणि माझं मत असं, की तो आवाज गोड नव्हता. कानठळ्या बसवणारा होता, आणि तिचा स्वतःचा होता.

त्या सगळ्या गर्दीत एकाने मात्र लिहिलं होतं, 'मला ही बाई चिडलेली वाटते. फक्त मलाच का?' त्याच्याखाली बाकीचे तुटून पडलेले. 'हो, फक्त तुलाच.' 'कान तपासून घे.' जाऊबाईंनी ते मत पुन्हा वाचायला लावलं. मग अजून एकदा. फोनवर बोट टेकवलं आणि पाटीवर लिहिलं, 'ह्याला अक्कल आहे.'

मी पुतणीला म्हटलं, "लिही त्यांना. ही माझी जाऊ आहे, ती चिडलेली आहे, तिला गोड म्हणणारे तुम्ही कोण?" तिने इंग्रजीत लिहून टाकलं. उत्तरादाखल काय आलं असेल? बदाम! लाल, गुलाबी, जांभळे. 'अय्या, किती सुंदर!' मी भांडायला गेले आणि हे माझा पापा घ्यायला लागले.

मांजरवाल्यालाही निरोप धाडला, की मूळ रेकॉर्डिंग द्या, बाईंना स्वतःचा आवाज हवाय. त्याचं उत्तर साखरेत घोळलेलं. बाईंचा आवाज हा अल्बमचा आत्मा आहे, तो त्यांचा ऋणी आहे, वगैरे वगैरे. पण मूळ रेकॉर्डिंग म्हणजे कच्चा माल, त्यात नुसता गोंगाट, आणि कच्चा माल तो कुणालाच देत नाही.

"कच्चा माल?" मी किंचाळले. "अरे, बाई आहे ती, कापूस नव्हे!" जाऊबाईंनी टेबलावर मूठ हाणली. आम्हा दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं पुतणी पहिल्यांदाच बघत होती.

ठीक आहे म्हटलं. 'कुणी'च्या पुढे काय आहे ते त्याने छाटलं असेल, मला पाठ होतं. ते वाक्य माझ्याच डोक्यावर पडायचं ना! मग मी पुतणीकडून एकेका मताखाली लिहून घ्यायला सुरुवात केली. दुलईवाल्याला, 'बाई म्हणतेय, ओल्या चादरी कोरड्या गठ्ठ्यावर कुणी टाकल्या, डोळे फुटले का?' प्रार्थनावालीला तेच. चंद्रवाल्याला तेच. बाळाच्या आईपाशी जरा थांबले, मग तिलाही तेच. पुतणी म्हणाली, "काकू, पुरे आता, लोक वैतागलेत." म्हटलं, "वैतागू देत. फुकटची झोप झाली की एवढी."

हळूहळू मतं फिरली. 'आता मला गाण्यात फक्त ओल्या चादरी दिसतात.' 'सगळी जादू गेली.' 'बाळ झोपतं, मीच जागी राहते.' एकाने विचारलं, 'पण मग चादरी टाकल्या कुणी?' त्याला मी उत्तर दिलं नाही.

शेवटी मांजरवाल्याने ती फाइल पाठवली. सोबत एकच ओळ होती, 'कृपा करून आता थांबा.'

रविवारची दुपार होती. पुतणीने मैत्रिणीकडून मोठा स्पीकर आणला होता. जाऊबाई खुर्चीत ताठ, मांडीवर पाटी. आधी नुसते ड्रम. मग ट्रॉलीची किरकिरणारी चाकं. आणि मग, "ए महाराणी! ओल्या चादरी कोरड्या गठ्ठ्यावर कुणी टाकल्या गं? डोळे फुटले का तुझे?"

पुतणीने तोंडावर हात दाबला. आणि माझ्या तोंडून, शप्पथ सांगते, विचार करायच्या आधीच गेलं, "मी नाही टाकल्या! उगाच माझ्या नावाने बोंबलू नका!"

लगेच स्पीकरमधून माझा जुना आवाज, "मी नाही टाकल्या! उगाच माझ्या नावाने बोंबलू नका!"

शब्दाला शब्द तोच. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ऑपरेशनच्या आधी त्या ओरडायच्या तेव्हासुद्धा मी त्यांना एवढी घाबरले नसेन. त्यांचे हात कमरेवर गेले. डोळे भरलेले, पण नजर तीच, लाँड्रीतली. त्यांनी हात लांब करून स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. फळीवरची भांडी थरथरायला लागली. स्पीकरमध्ये आमचं चांगलंच जुंपलं होतं, माझं माहेर निघालं, त्यांचं निघालं, आणि मी इथे बसून माझी वाक्यं पुन्हा म्हणत होते, जोरात, एकही न गाळता. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, का ते विचारू नका.

तेवढ्यात भिंतीवर काठी बसली. एकदा, आणि मग पुन्हा, जोरात.

"अहो, भांडायचं तर खिडकी लावून भांडा!"

ऑपरेशन झाल्यापासून जाऊबाईंवर कुणी आवाज चढवला नव्हता. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाटी टेबलावर उपडी ठेवली, उठल्या, आणि बंद होती ती दुसरी खिडकीही उघडली.