ताईच्या हयातीचा दाखला

परदेशातल्या वकिलाती बंद कराव्यात, असं माझं जुनं मत आहे. झुंबरं, गालिचे, दारात मोटारी, आणि वर्षातून दोनदा कबाब खाऊन एकमेकांच्या देशांचं अभीष्ट चिंतायचं. हे काम आता फोनवर होतं आणि कबाबही वाचतात. गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर हे मी इतक्यांदा बोललो आहे, की या मुद्द्यापाशी सोबतचे लोक चालण्याचा वेग वाढवतात.

माझी थोरली बहीण इगतपुरीच्या शाळेत मास्तरीण होती. हल्ली वर्षातले आठ महिने ती उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशात मुलाकडे असते, चार माझ्याकडे. येण्याजाण्याचं तिकीट स्वतःच्या पेन्शनमधून काढते. मुलाने देऊ केलेलं तिने एकदाही घेतलेलं नाही. ही पेन्शन चालू राहायची, तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो.

तो घरबसल्या फोनवर निघतो, हे तिला मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं. फोन म्हणतो, डोळे मिटा. चेहऱ्यावरून वारं गेल्यापासून ताईचा उजवा डोळा मिटत नाही. तीन संध्याकाळी तिने प्रयत्न केला. फोनच्या मते ती नव्हतीच.

"अरे, झोपेतसुद्धा हा उघडाच असतो," ती म्हणाली. "आता काय मरून दाखवू?"

महिना संपायला चार दिवस उरले, तेव्हा ती एकटीच रेल्वेने तिथल्या राजधानीला गेली, आपल्या वकिलातीत. त्या दुपारी मी गच्चीत बसून होतो. ऊन मऊ होतं. सातपूरकडे पाळी सुटली असावी, लांबून मोटारसायकलींचा एकच लांबट आवाज येत होता. त्यात माझा डोळा लागला. ताई धुक्यातून चालली होती. धुकं इगतपुरीचं होतं, पायाखाली बर्फ होतं, आणि हातात शाळेचा हजेरीपट. ती कुणाचं तरी नाव पुकारत होती आणि कुणी 'हजर' म्हणत नव्हतं.

फोन वाजला.

"झालं," ताई म्हणाली. "तळघरात एक टेबल, एक माणूस. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'माताजी, बैठिए, चाय मंगवाता हूँ.' आणि शिक्का मारला."

"एवढंच? पटलं त्याला?"

"चहात साखर कमी आहे म्हटलं. त्यावर पटलं असेल."

"आता कुठे आहेस?"

"त्यांच्या हिरवळीवर. एवढ्या तुकड्यावरचं बर्फ काढलंय. बूट काढून उभी आहे. पाय बधिर झालेत, पण इथली जमीन आपली असते ना रे?"

नसते. वकिलातीखालची जमीन त्या त्या देशाचीच असते. हा गैरसमज मी आजवर अनेकांचा दूर केला आहे. त्यातले काही नंतर माझ्याशी फारसं बोलत नाहीत.

"आपलीच," मी म्हणालो. "बूट घाल आता. तिकीट कधीचं काढतेस?"

"दाखला बँकेत पोचला की काढते," ताई म्हणाली. "बूट घालते जरा वेळाने."